गोऱ्या साहेबाचं कुत्रं

मागच्या डिसेंबरात गदगला एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं. जेवणं उरकली, मंडळी मांडवामागे खुर्च्या टाकून बसली आणि गप्पा फिरत फिरत कप्पतगुड्ड्यावर आल्या. गदगमध्ये त्या येतातच. शेजारच्या एका काकांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली घेतला आणि सुरुवात केली. ब्रिटिशांच्या काळात डोंगरात सोन्याची खाण होती. खाण बंद पडली, सगळे गोरे निघून गेले, एक साहेब मात्र गेला नाही. अमावास्येला त्याचा कंदील अजून डोंगरावर फिरताना दिसतो. रानात एकटा माणूस गाठ पडला की साहेब मागून येतो आणि विचारतो, "एष्टातु?" म्हणजे, किती झालं? उत्तर द्यायचं नाही. सोबत त्याचं पांढरं कुत्रं असतं.

"आमच्या अज्जानं डोळ्यानं बघितलंय," काका म्हणाले.

माझा विडा तोंडातच राहिला. कारण हा साहेब माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याचा जन्म हुबळीत विद्यानगरमध्ये, आमच्या जेवणाच्या टेबलावर, फेब्रुवारी 2020 मध्ये रात्री साडेअकराच्या सुमाराला झाला. त्या वेळी मी तिथे हजर होते. खरं सांगायचं तर मीच त्याला टाइप केलं. फक्त कुत्रं आम्ही दिलं नव्हतं.

ही हकीकत आपल्या अंकासाठी लिहून दे असं संपादक मंडळातल्या ताईंनी दोनदा सांगितलं, म्हणून लिहिते आहे. नाहीतर ही काही मिरवण्याची गोष्ट नाही.

झालं असं की माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, लग्नाचं शूटिंग करतो. हुबळी-धारवाडात त्याचा बऱ्यापैकी जम आहे. त्या वर्षी एका स्थानिक केबल चॅनेलनं त्याला विचारलं, महाशिवरात्रीला चोवीस मिनिटांचा माहितीपट करून देतोस का? विषय आपल्या भागातला हवा, देवाधर्माचा थोडा वास हवा आणि बघणारा उठून जाता कामा नये. पैसे एक सराफ देणार होते. सराफ म्हटल्यावर दादाच्या डोक्यात सोनं आलं, सोन्यावरून कप्पतगुड्डा. 'केजीएफ'चा पहिला भाग येऊन गेल्याला वर्ष झालं होतं आणि हुबळीतल्या प्रत्येक रिक्षात त्याचं संगीत वाजत होतं. दादाचं म्हणणं साधं होतं. कोलारला जायला नको, आपल्या दारात आपली केजीएफ आहे. ओसाड गाव, पडकी घरं, भुतंखेतं. दोन दिवसांत उरकू.

मी बी.ई. झालेली, बंगळूरच्या कंपनीचं काम हुबळीतून करणारी सॉफ्टवेअरवाली. माझं काम होतं वाचन, स्क्रिप्ट आणि एडिटिंगला मदत. पगार म्हणून रविवारी एकदा गिरमिट आणि मिरची भजी. चौथा माणूस म्हणजे निवेदनाला घेतलेले एक निवृत्त कन्नड शिक्षक. आवाज असा की त्यांनी विजेचं बिल वाचलं तरी अंगावर काटा यावा. पाचवा कॅमेरा धरणारा पोरगा.

कोलार मी आधी पाहिलं होतं. बंगळूरला नोकरीला असताना एका शनिवारी आम्ही चौघीजणी गेलो होतो. तिथे ओसाड गाव म्हणजे काय ते कळतं. 1880 मध्ये जॉन टेलर अँड सन्स कंपनीनं तिथे काम हाती घेतलं. 1902 मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून तिथे पोचली. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली. उभे लोखंडी सांगाडे, गोऱ्यांचे बंगले, सायनाइडच्या गाळाचे राखाडी डोंगर आणि त्या सगळ्याच्या मध्ये अजूनही राहणारी कामगारांची कुटुंबं. आम्ही फोटो काढत होतो तेव्हा एका बाईनं विचारलं होतं, "इथे काय बघायला आलात?" आम्हाला उत्तर सुचलं नव्हतं. दादाच्या डोक्यात मात्र असंच काहीतरी कप्पतगुड्ड्यात सापडेल असं होतं.

वाचायला बसले आणि मला आपल्याच गावाचं नाव नव्यानं कळलं. जगात कुठेही भूशास्त्राच्या माणसाला 'धारवाड' म्हणा, तो पेढ्याचं नाव काढणार नाही, खडकाचं काढेल. रॉबर्ट ब्रूस फूट नावाचे भूशास्त्रज्ञ, ज्यांना 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगातलं हत्यार सापडलं होतं, त्यांनी या भागातल्या अतिप्राचीन खडकांच्या थराला आपल्या धारवाडचं नाव दिलं. अडीच अब्ज वर्षांहून जुने हे खडक. कोलारचं सोनं, रायचूर जिल्ह्यात आजही चालू असलेल्या हट्टीच्या खाणीचं सोनं आणि कप्पतगुड्ड्यातलं सोनं, सगळं याच जातीच्या खडकांतलं. फूटसाहेबांनी 1874 मध्येच डंबळच्या डोंगरातल्या सोन्यावर लेख लिहिला होता. डंबळचा डोंगर म्हणजेच आपला कप्पतगुड्डा. त्यांच्याही आधीपासून इथे ओढ्यातली वाळू धुऊन सोनं काढणारे लोक होते. त्यांना जलगार म्हणत. आपल्याकडे सराफाच्या गल्लीतली माती धुणारे झारेकरी असत, तसेच हे. फरक एवढाच, की झारेकऱ्याचं सोनं माणसाच्या हातून सांडलेलं, जलगाराचं डोंगराच्या हातून. 1884 च्या धारवाड गॅझेटिअरमध्ये या लोकांची नोंद आहे.

आता थोडं सांगलीबद्दल, कारण आपल्या वाचकांत सांगलीकर पुष्कळ. डोंगराच्या पश्चिमेला शिरहट्टी. हा शिरहट्टी तालुका 1948 पर्यंत पटवर्धनांच्या सांगली संस्थानचा होता. कोलारचं सोनं लंडनच्या बाजारात गाजायला लागल्यावर दुसरं कोलार शोधायची जी धावपळ झाली, त्यात इथेही कंपन्या आल्या. 1902 च्या सुमाराला काम सुरू झालं. अत्तिकट्टी, होसूर, कबुलायतकट्टी अशा खाणींच्या नावांत एक नाव होतं 'सांगली माईन'. कर्नाटकातल्या डोंगरात, इंग्रजांच्या कंपनीची, सांगली नावाची खाण! आणि कबुलायतकट्टी ऐकून तर मला आमच्या आजोबांच्या जमिनीचे कागद आठवले. 1911 पर्यंत हे सगळं आटोपलं. खडकातली गारगोटीची शीर खाली जाईल तसं सोनं वाढेल असा हिशेब असावा. तसं झालं नाही. दहाएक वर्षांचा खेळ.

दहा वर्षांत गाव वसत नाही, त्यामुळे ते ओसाडही पडत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे निघालो. हुबळी ते गदग साधारण साठ किलोमीटर. अण्णिगेरीपर्यंत उजाडलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, हरभरा, करडई, मधूनच वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल चौकोन. गदगला इडली-वडा खाऊन डंबळच्या रस्त्याला लागलो आणि डावीकडे-उजवीकडे असं न राहता डोंगर एकदम समोरच आला. सह्याद्री बघून वाढलेल्या माणसाला कप्पतगुड्डा पहिल्यांदा पाहून काही वाटत नाही. बुटका, लांबलचक, उन्हाळ्यात तांबूस पिवळा. गदगपासून थेट तुंगभद्रेपर्यंत पसरलेला. त्याच्या पाठीवर ओळीनं पवनचक्क्या. पण कन्नडात म्हणतात, 'एप्पत्तु गिरी नोडोदक्किंत कप्पत गिरी नोडु'. सत्तर डोंगर बघण्यापेक्षा एक कप्पत बघ. हे का म्हणतात ते वर गेल्यावर समजतं. गाळिगुंडी बसवण्णाच्या टोकावर वारा असा अंगावर येतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही. गाळी म्हणजेच वारा. खाली चारी बाजूंना सपाट मुलूख, तळी, पट्ट्यापट्ट्यांची शेतं.

डंबळला दोड्डबसप्पाचं देऊळ आहे. आमच्या चोवीस मिनिटांत ते बसत नव्हतं, तरी मी तासभर सगळ्यांना तिथे थांबवलं. चालुक्यांच्या काळातलं. त्याच्या गाभाऱ्याची बाहेरची भिंत सरळ नाहीच. ती कोनामागून कोन घेत तारेसारखी फिरते, इतके कोन की लांबून गोलच वाटावी. गदगच्या अलीकडे-पलीकडे फिरणार असाल तर लक्कुंडी सगळे करतात. डंबळ चुकवू नका. लक्कुंडीच्या नाण्यांचं नाव शिलालेखांत येतं, 'लोक्कि गद्याण'. सोन्याचं नाणं. आम्ही ज्या डोंगराकडे निघालो होतो त्याच्या शेजारीच एके काळी टांकसाळ होती, ही गोष्ट गाडीत मी सगळ्यांना दोनदा सांगितली. दादा म्हणाला, भूत कुठंय ते सांग.

भूत नव्हतं. गावही नव्हतं. 2019 मध्ये कप्पतगुड्डा वन्यजीव अभयारण्य झालं आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी काढलेली, सोबत त्यांचा गार्ड, ड्रोन उडवायला साफ मनाई. गार्डनं आम्हाला जे दाखवलं ते असं. काटेरी झुडपात दगडी जोत्याची एक ओळ. पांढरट गारगोटीच्या खडीचा ढीग, ज्यावर शेळ्यांच्या लेंड्या. आणि एक खड्डा, ज्याच्या भोवती तार घातलेली. कॅमेरावाल्या पोरानं खड्ड्यात दगड टाकायचा प्रयत्न केला तेव्हा गार्ड ओरडला, खाली साळिंदर असेल. झालं. हीच आमची केजीएफ. दादा जोत्यावर बसला आणि त्यानं बिडी पेटवायला घेतली. गार्डनं तीही विझवायला लावली.

दुपारी डोंगर उतरून सोरटूरच्या बाजूला गेलो. तिथल्या ओढ्याचं नाव जुन्या कागदांत येतं. गावात चौकशी करत करत एका घरी पोचलो. घरातले अज्जा ऐंशीच्या पुढचे. डोक्याला पटका, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांचे वडील आणि आजोबा पावसाळ्यानंतर ओढ्यातली वाळू धुवायचे. त्यांनी स्वतः लहानपणी हे काम पाहिलं होतं, थोडं केलंही होतं.

"करून दाखवता का?" मी विचारलं.

"पाणी कुठंय?" ते म्हणाले. ओढा कोरडा होता. नातवानं मोटरसायकलवरून दोन घागरी पाणी आणलं. धुवायचं लाकडी पातं घरात राहिलेलं नव्हतं. सुनेनं पीठ मळायची परात दिली. अज्जा ओढ्यात उकिडवे बसले. त्यांनी वाळू कुठेही उचलली नाही. आधी ओढ्याचं वळण पाहिलं, वळणाच्या आतल्या बाजूला एक मोठा धोंडा होता, त्याच्या मागची वाळू हातानं खरवडून घेतली. मी विचारलं, इथलीच का? ते म्हणाले, "पाणी दमतं तिथं जड माल टाकतं. बाजारातून येणारी बाई ओझं कुठं उतरवते? सावलीत. तसं."

मी इंजिनिअर. सोनं वाळूच्या सातपट जड असतं हे मला माहीत होतं, पाण्याचा वेग कमी झाला की जड कण आधी बसतात हेही शिकलेलं होतं. पण ओझ्यावाली बाई कुठल्याच पुस्तकात नव्हती.

मग त्यांनी परात तिरकी धरली आणि हलवायला लागले. हलवायला म्हणजे, हात जवळजवळ हलतच नव्हते. मनगटात एक बारीक झोका होता. वरची वाळू पाण्याबरोबर कडेवरून निघून जात होती. ते मधून मधून बोटानं खडे टिपून फेकत होते. परात हलकी होत गेली. शेवटी तळाला काळ्या रेतीची एक बोटभर रेघ उरली. परात उन्हाकडे फिरवून त्यांनी ती चांगल्या डोळ्याजवळ नेली. आम्ही पाचही जण वाकलो.

काही नव्हतं.

"नाही," अज्जा म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं. "असं पुष्कळदा. कधी ज्वारीच्या कोंड्याएवढं. दिवसभराचं मिळून मिठा-मिरचीचं भागायचं. जास्त मिळालं असतं तर आमच्या हातात राहिलं असतं का?" मग परात धुऊन सुनेला परत दिली. "भाकरीला घे," म्हणाले.

सात मिनिटं चालू होता कॅमेरा. मला अजून आठवतं, कारण मी घड्याळ पाहिलं होतं.

परतताना डोंगरापायथ्याच्या एका तांड्यावर चहा झाला. तिथल्या लमाण बायकांना दादानं भुताचं विचारलंच. एक आजी हसली. म्हणाली, डोंगर मल्लय्याचा आहे, तिथे भूत कशाला राहील? भीती वाटते ती मोजणीवाल्यांची. खुंट्या ठोकून जातात. तिचं म्हणणं उगीच नव्हतं. या डोंगरावर कंपन्यांचा डोळा 1911 मध्ये मिटला नाही. सोन्यासाठी पुन्हा परवाने मागितले गेले, आणि 2017 मध्ये गदगच्या तोंटदार्य मठाच्या सिद्धलिंग स्वामींच्या पुढाकारानं शहरात रात्रंदिवस धरणं झालं. स्वामीजी 2018 मध्ये गेले, त्यानंतरच्या वर्षी अभयारण्य जाहीर झालं. औषधी वनस्पतींसाठी हा डोंगर लोकांनी जपलेला आहे. सोन्यापेक्षा त्या मुळ्यांचीच नावं तांड्यावर जास्त ऐकू आली. आता अभयारण्य म्हणजे शेळ्या चारायलाही बंदी येते, तेही आजीनं सांगितलं. ती दोन्ही बाजूंनी बोलत होती आणि दोन्ही खरं होतं.

एवढं सगळं घेऊन आम्ही हुबळीला आलो. आणि एडिटिंगला बसल्यावर कळलं की आपल्याकडे भूत सोडून सगळं आहे.

चॅनेलच्या माणसानं पहिलं कापलेलं रूप पाहिलं. सराफाच्या माणसानंही पाहिलं. अज्जांची सात मिनिटं बघताना त्यानं मोबाइल काढला. "मॅडम, शेवटी सोनं निघतच नाही की," तो म्हणाला. "सोन्याच्या दुकानाची जाहिरात आणि त्याआधी सोनं निघत नाही, कसं दिसतं ते?" आता विचार केला तर त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबरच होतं. चॅनेलवाल्याचं मागणं एवढंच होतं की रात्री नऊला बाया-माणसं खिळून राहिली पाहिजेत. दादानं माझ्याकडे पाहिलं.

त्या रात्री टेबलावर दादा, मी आणि सर. चहा गार झालेला. आधी ठरलं, खोटं काही लिहायचं नाही, फक्त वातावरण. मग मी लिहिलं, खाण बंद झाली तेव्हा एक इंग्रज अधिकारी गेला नाही म्हणतात. सरांनी ते कन्नडात मोठ्यानं वाचलं, "ओब्ब साहेब इद्दनंत", आणि आमच्या तिघांच्याही अंगावर शहारा आला. कन्नडातला हा शेवटचा 'अंत' म्हणजे आपला 'म्हणे'. होता म्हणे. एकदा 'म्हणे' लावलं की सांगणाऱ्यावर जबाबदारी राहत नाही. कोण म्हणे? त्या खोलीत तिघेच होतो. पण पुढचं भराभर आलं. कंदील दादाचा. अमावास्या माझी. साहेब काय बोलेल यावर अडलं होतं, तेव्हा सर म्हणाले, "इतकी वर्षं इथं राहिला, कन्नड आलीच असेल. विचारेल, एष्टातु?" आम्ही खूप हसलो. हुबळीत कुठल्याही दुकानात बिल विचारताना म्हणतात तेच. सोनं किती निघालं, असं साहेब विचारतो! हसू आवरल्यावर सरांनी तेच हळू, घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवलं आणि मग कुणी हसलं नाही. राहिलं ते तसंच.

साहेबाला साडेचार मिनिटं मिळाली. त्या तारेच्या खड्ड्याचं दृश्य निळं करून, त्यावर दादाच्या एका लग्नातला धूर चढवला. अज्जांना उरली चाळीस सेकंद. ओझ्यावाली बाई गेली, काळी रेघ गेली, 'नाही' गेलं. परात हलते आणि लगेच सराफाच्या दुकानातला हार दिसतो, अशी ती जोडणी. कापताना माउस माझ्याच हातात होता.

21 फेब्रुवारीला, शिवरात्रीला माहितीपट दाखवला गेला. बरेच फोन आले. धारवाडच्या मावशीनं सांगितलं, पोरं रात्री एकटी मोरीत जात नाहीत. आम्ही खूष. एवढ्यावर संपलं असतं, पण महिनाभरात लॉकडाउन लागला. चॅनेलकडे नवीन दाखवायला काही नाही, घराघरात माणसं बसलेली. आमचा साहेब आठवड्यातून तीन-तीनदा यायला लागला. मग त्याचे तुकडे व्हॉट्सॲपवर फिरले, कापून, चॅनेलच्या नावाशिवाय. एका तुकड्याखाली कुणी लिहिलं होतं, 'सत्यघटना'. मी ते पाहिलं आणि गप्प बसले. तेव्हा खाली दोन ओळी लिहायला काय झालं होतं, हे मी स्वतःला नंतर विचारलं आहे.

2021 च्या दुसऱ्या लाटेत अज्जा गेले. नातवाचा फोन आला तो ऑगस्टमध्ये. कोविडनं नाही, वयानं गेले, म्हणाला. "ताई, त्या दिवशी तुम्ही अज्जाचं पूर्ण शूटिंग केलं होतं. घरात त्यांचा एक धड फोटो नाही. ते पाठवता का? बोलतात तेवढं सगळं."

मी लगेच हो म्हटलं. दादाला फोन लावला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, ती डिस्क." लग्नं पुन्हा सुरू झाली होती, पैसे नव्हते, नवी डिस्क घ्यायच्याऐवजी त्यानं जुन्या डिस्का रिकाम्या करून वापरल्या होत्या. कप्पतगुड्ड्याच्या डिस्कवर आता नवलगुंदच्या एका घरातली हळद होती. मी ती डिस्क आणून तीन रात्री बसले. पुसलेलं परत मिळवायची जेवढी सॉफ्टवेअर मला माहीत होती तेवढी सगळी चालवून पाहिली. मिळाले ते डोंगराचे आठ-दहा तुकडे, वाऱ्याचा आवाज, दादा बिडी काढतो तेवढं दृश्य. अज्जा नाहीत. हळदीच्या तीन कॅमेऱ्यांनी जागा पुरती भरून टाकली होती.

दादाला काय बोलणार? ऑफिसात नव्या मुलांना बॅकअपवर तासभर व्याख्यान देणारी मी. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या जागी, असं मी फळ्यावर लिहून देते. त्या फुटेजची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर घ्यायला पंधरा मिनिटं लागली असती. साहेबाच्या मात्र किती प्रती आहेत याची मोजदाद नाही.

नातवाला चाळीस सेकंद पाठवली, सराफाचा हार काढून. त्यानं उत्तरात हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग मी बसून मला आठवेल तेवढं लिहून काढलं, अज्जांच्या शब्दांत, कन्नडात, वळण, धोंडा, ओझं उतरवणारी बाई, शेवटचं 'नाही', सगळं. कागदाची एक प्रत त्याला नेऊन दिली. त्यानं ती वाचली आणि म्हणाला, ताई, 'दमतं' नाही, अज्जा 'थकतं' म्हणायचे, दणिवु. मी तिथेच पेनानं दुरुस्त केलं. वर मात्र मी 'दमतं'च ठेवलं आहे, कारण मराठीत तेच बरं वाटतं. बघा, सवय जात नाही.

तर, गदगचा मांडव. काकांची गोष्ट संपली, चार बायकांनी 'अय्यो' केलं. मी ठरवलं, आज तरी बोलायचं. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. टेबल, गार चहा, सर, दादाचा धूर. 'एष्टातु' कसं सुचलं तेही. काका शांतपणे ऐकत होते. मध्ये दोनदा मान डोलावली. माझं झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहान मुलीला समजावतात तसा आवाज होता.

"बरोबर आहे, यव्वा. तुम्ही टीव्हीवाल्यांना ते उशिरा कळलं. म्हणून तर तुमच्यात कुत्रं नाही."